तुरटीची लाही

आमच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. एका सकाळी मी परसात गेले, तर हे धुण्याच्या दगडावर वाकून स्वतःची बंडी धूत होते. देऊळघाटात तेव्हा कुठल्याच घरचा पुरुष स्वतःचा कपडा धूत नसे. बायको बाळंतपणाला माहेरी गेली तरी शेजारची एखादी धुऊन द्यायची. मी म्हटलं, द्या इकडे. त्यांनी ती माझ्याकडे पाठ करून पिळली, झटकली आणि गोठ्यातल्या दोरीवर वाळत घातली. अंगणातली दोरी मोकळी होती, उन्हातली होती. ती सोडून गोठ्याच्या अंधारात बंडी का घातली, हे दिवसभर माझ्या मनातून जाईना.

हे बुलढाण्याला एका वकिलांकडे मुन्शी होते. सरकार तेव्हा नागपूरचं, मध्यप्रांत-वऱ्हाडचं. मोठी अपिलं असली की वकीलसाहेब मलकापूरला जाऊन नागपूरची गाडी धरत, आणि मागे पक्षकारांना बसवणं, कागद लावणं, तारखा सांगणं ही कामं यांच्याकडे येत. देऊळघाटाहून ते रोज सायकलने जायचे. बुलढाण्याचा चढ, वर काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. संध्याकाळी परत आले की आधी कोट काढायचे, तो खुंटीवर टांगायचे आणि मला हाक मारायचे. तो कोट आणि ती बंडी रोज माझ्या हाताखालून जायची. म्हणून त्यांच्या अंगाचा वास मला त्यांच्या आवाजाइतकाच ओळखीचा होता.

तो वासच बदलला. बंडी धुण्याच्या आधी की नंतर, ते आता आठवत नाही. पण आश्विनाच्या उकाड्यात एकदा ते दारातून आत आले आणि माझ्या नाकाला वाळा लागला. वाळा आणि कापूर. त्याच्यामागे आणखी काहीतरी मातकट गोड. मी विचारलं, हा वास कशाचा? ते म्हणाले की वकिलांच्या ओसरीवर वाळ्याच्या टट्ट्या लावल्या आहेत, दिवसभर त्यांच्यावर पाणी मारतात, त्यांचा वास कपड्यांना लागतो.

मी माहेरची धाडची. बाजाराचं गाव, आमचा भाजीपाल्याचा मळा, त्यामुळे साहेबांच्या बंगल्यांवर काय चालतं हे भाजीच्या गाड्यांबरोबर आमच्याकडे पोचायचं. टट्ट्या चैत्र-वैशाखात लावतात. पाऊस लागला की काढून ठेवतात, नाहीतर कुजतात. आश्विनात कुणाच्या ओसरीवर टट्ट्या असतात?  माझा माणूस माझ्याशी खोटं बोलला होता आणि तेही इतक्या सहज बोलला होता, की आधी कितीदा बोलला असेल ते मी मोजू लागले.

संशयाला एकदा दार मिळालं की घरातली प्रत्येक वस्तू त्याच्या बाजूने साक्ष देते. यांनी अंथरूण माझ्यापासून थोडं लांब सरकवलं होतं. गरम होतं म्हणाले. जेवायला बसले की उजवा हात अंगाला चिकटवून बसायचे, पाठीमागचा तांब्या घ्यायला वळायचे नाहीत, मला मागायचे. खुंटी उंच होती, तर कोट आता ते खाटेवर ठेवत. मी जवळ गेले की अंग चोरत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्याही नजरेतून हे सुटलं नव्हतं, पण त्यांना त्यात दोष माझा दिसत होता. त्या मला एवढंच म्हणाल्या, "नवरा सोताच्या हातानं कपडे धुऊ लागला म्हनजे बायकोनं इचार कराव." मी विचार करतच होते. त्या सांगत होत्या तो नाही.

माझा विचार असा होता, की बुलढाण्यात एखादी बाई आहे. ती वाळ्याच्या पाण्याने नहाते, कापूर घातलेल्या पेटीतली लुगडी नेसते, आणि तिचा वास माझ्या घरी सायकलवर बसून येतो. मी तिचं घरसुद्धा मनात बांधलं होतं. तिचं दार, दारापुढचं तुळशीवृंदावन, सगळं.

दिवाळीच्या सामानाला आत्याबाई आणि मी गाडीने बुलढाण्याला गेलो. आत्याबाई बांगड्यांच्या दुकानात रमल्या, तशी मी उटण्याचं सामान आणते म्हणून अत्ताराकडे गेले. म्हातारा अत्तार होता, दाढी मेंदीने रंगवलेली, समोर डब्यांच्या रांगा. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि मी थांबले. यांच्या बंडीचा वास तिथे होता. वेगवेगळ्या डब्यांतून येत होता, पण तोच होता.

मी उटण्याचं सामान मागितलं. मग म्हटलं, आमच्याकडचे मुन्शी नेतात ते काय काय असतं, तेही थोडं द्या. कोणते मुन्शी, असं त्याने विचारलं. मी वकिलांचं घर सांगितलं. तेव्हा तो हसला. "अच्छा, ते सायकलवाले. वाळा नेतात, नागरमोथा नेतात, कापूरकाचरी नेतात. घरवालीसाठी पायजे म्हनतात. तुमी त्यांच्या घरच्या का?"

मी त्याला नाही म्हटलं. माझ्या तोंडून नाही कसं गेलं, मला कळलं नाही. पुड्या पदरात बांधून मी बांगड्यांच्या दुकानाकडे परत आले, तर आत्याबाई माझ्यासाठी हिरव्या बांगड्या निवडत होत्या. मी हात पुढे केला आणि मनात एकच घोळत राहिलं, घरवालीसाठी. माझ्या हाताला तर त्यातली चिमूटही लागली नव्हती. मग कोणती घरवाली?

परत येताना गाडीत मी हातातल्या बांगड्यांकडे एकदाही पाहिलं नाही. आत्याबाईंना वाटलं, मला बांगड्या आवडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, वकिलांचं काम बंद. हे नदीवर आंघोळीला गेले आणि सायकल ओट्याला टेकलेली राहिली. तिच्या बसायच्या जागेमागे चामड्याची छोटी पिशवी होती, पंक्चरचं सामान ठेवायची. ती मी कधी उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. आत चिंध्या, रबराचा तुकडा, आणि तंबाखूची एक चपटी डबी. हे तंबाखू खात नसत.

डबीत पांढरी भुकटी होती.

 बाईचा विचार मी इतके दिवस करत होते, पण बाईने त्यांना काही दिलं असेल, खायला घातलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गावात असल्या गोष्टी रोज ऐकू यायच्या. अमक्याला पुडी चारली, तो घर विसरला. भीत भीत मी त्या भुकटीचा कण बोटावर घेतला आणि जिभेला लावला. जीभ एकदम आवळली. ही चव मला लहानपणापासून माहीत होती. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की माय त्यात तुरटीचा खडा फिरवायची, आणि आम्ही तो चोरून चाटायचो. तुरटी होती ती. पण तिच्यात आणखी काही होतं, जीभ चरचरवणारं. आणि वरून वाळ्याचा वास.

हे नदीवरून आले तेव्हा मी डबी हातात घेऊन ओट्यावरच बसले होते. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी विचारलं, "ही घरवाली कोन?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे. मला वाटलं होतं ते चिडतील. ते आत गेले आणि मला आत बोलावलं. पाठीवरचा ओला पंचा बाजूला टाकून त्यांनी हात वर उचलला. हळूच उचलला, दुखत होता म्हणून. काखेतली कातडी लालभडक, जागोजागी सोललेली, एका ठिकाणी पाणी धरलेली होती. दुसरी काखही तशीच.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, भिंतीकडे पाहत. उन्हाळा संपता संपता धाडच्या पलीकडची एक जमीनदारीणबाई वकिलांकडे वाटणीच्या दाव्यासाठी आली होती. हे तिला कागद वाचून दाखवत होते आणि तिने पदर नाकाला लावला. वाचून संपेपर्यंत काढला नाही. ती गेल्यावर चार-आठ दिवसांत वकिलांनी यांचा डेस्क आतल्या खोलीतून ओसरीवर हलवला, जोडे काढायच्या जागेशेजारी. कारण सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून समोरच्या माणसाने नाक खाजवलं, तरी यांना ते स्वतःबद्दल वाटे. कुणी खिडकी उघडली, कुणी खुर्ची सरकवली, कुणी लवकर उठला, सगळं. मग न्हाव्याकडची तुरटी पाहून त्यांनी तुरटी आणली, अत्ताराकडून वासाचं सामान आणलं, आणि कुणीतरी सोड्याने वास मरतो म्हणून सांगितलं, तर धुण्याचा सोडा कुटून त्यात मिसळला. बंडीला डाग पडायचे, भोकं पडायची, रक्त लागायचं. ते मला दिसू नये म्हणून बंडी ते स्वतःच धूत.

मी म्हटलं, "अन् अत्ताराले माझं नाव काऊन सांगितलं?"

"मग काय सांगू? मानसानं असं कायले घ्याव, असं इचारलं असतं त्यानं."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. माझ्या नावावर त्यांनी स्वतःचा घाम टाकला होता, याचा राग आला. आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळं ऐकूनही माझ्या मनातली ती बाई लगेच गेली नाही. दोन-तीन दिवस मी त्यांच्या कोटाचे खिसे पाहत होते. काख सोललेला माणूसही खोटं बोलू शकतो, असं मला वाटायचं.

पण काख बरी करायला हवी होती. डबीतलं सगळं मी उकिरड्यावर टाकलं. पाण्यात बराच वेळ फेटून धुतलेलं लोणी लावायला दिलं. ते दिवाळीभर लावलं, तेव्हा कातडी धरली. मग मी म्हटलं, पुन्हा करायचंच असेल तर मी करते. तुम्ही हात लावू नका.

माझी माय दिवाळीचं उटणं घरीच करायची, त्यामुळे वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी कशी वाळवायची, कशी कुटायची हे मला येत होतं. तुरटीचं मात्र मीच करून पाहिलं. कच्ची तुरटी कितीही वाटली तरी तिला कणी राहते आणि ती कातडीला घासते. म्हणून तिचे खडे तव्यावर टाकले. आधी ते विरघळून पाण्यासारखे झाले, मग बुडबुडे आले, मग सगळं फुगून पांढरं, हलकं झालं, ज्वारीच्या लाहीसारखं. निवल्यावर बोटाने दाबलं तर चुरा झाला. तो चुरा, त्याच्या कितीतरी पट तांदळाची पिठी, वस्त्रगाळ केलेलं वासाचं सामान, आणि कापूर नावापुरता. आधी माझ्या मनगटाला लावून मी दोन दिवस थांबले. आग झाली नाही. मग यांच्या एका काखेत, चिमूटभर, आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून. दुसरी काख तशीच ठेवली. संध्याकाळी आले तेव्हा मी दोन्हीकडे वास घेऊन पाहिला. फरक होता. घाम येत होताच, तो कसा थांबेल, पण त्याला आंबट वास धरत नव्हता.

आता संशय घेण्याची पाळी आत्याबाईंची होती.

यांनी मला बजावलं होतं, आत्याबाईंना सांगायचं नाही. त्यामुळे मी हे सगळं आत्याबाई शेतात गेल्या की करायची, मागचं दार लावून. एकदा त्या लवकर परतल्या. दार लावलेलं, आतून कापराचा वास, आणि भाकरीच्या तव्यावर काहीतरी पांढरं फसफसत होतं. त्यांनी विचारलं, "काय भाजून राह्यली तू?" मी म्हटलं, उटण्याचं सामान. दिवाळी होऊन गेली होती. माझंही खोटं त्या टट्ट्यांसारखंच निघालं.

त्या दिवसापासून त्यांनी वेगळा तवा काढला. स्वतःची भाकरी स्वतः भाजू लागल्या. मी वाढलेलं पाणी ओतून पुन्हा भरून घेत. यांचं माझ्याशी पुन्हा बरं चालू झालं होतं, अंथरूण जवळ आलं होतं, तेही त्यांना दिसत होतं, आणि त्या दोन गोष्टींची त्यांनी आपली एक जोड लावली. मी काहीतरी भाजते, आणि त्यांचा मुलगा माझ्या कह्यात जातो. यांच्या ताटात वाढलेली भाजी त्या आधी उचलून वास घ्यायच्या. एकदा माझं अंथरूण झटकताना उशी दाबून दाबून पाहिली. मी हे सगळं बघत होते आणि यांना सांगत होते, आणि हे म्हणायचे, थोडे दिवस थांब.

थांबणं संपवलं ते आत्याबाईंनी. माझ्या मायला निरोप धाडून त्यांनी बोलावून घेतलं. माय धाडहून आली, दमलेली, काय झालं ते ठाऊक नसलेली. ओट्यावर बसवून आत्याबाईंनी तिला विचारलं, पोरीला तुम्ही काय काय शिकवून धाडलं आहे? मायचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात क्षणभर मला तोच प्रश्न दिसला. माझी मायसुद्धा विचार करत होती, की पोरीने असं काही केलं असेल का.

हे तेवढ्यात सायकल घेऊन दारात आले होते. सगळं ऐकलं असावं. सायकल टेकवली, कोट न काढताच ओट्यासमोर उभे राहिले आणि सासूच्या देखत आपल्या आईला म्हणाले, "माय, ते माह्यासाठी करते ती. माह्या अंगाले वास येते. मले वकिलानं भाईर बसवलं."

 मी आत जाऊन डबी आणली आणि आत्याबाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, वास घेतला, पण बोट घातलं नाही. मला म्हणाल्या, आधी तू लाव. मी मनगटाला लावलं. मग माझ्या मायला म्हणाल्या, तुम्ही लावा. मायने लावलं. बराच वेळ आमच्या मनगटांकडे पाहून त्यांनी स्वतःच्या बोटाला थोडी लावली आणि चोळून पाहिली.

"तुह्या बापालेही येत होता," त्या यांना म्हणाल्या. "लई येत होता. मी जलमात बोलली नाही त्याले."

त्या उठल्या आणि मायसाठी चहा ठेवायला आत गेल्या. माझ्या तव्याजवळ त्यांचा तवा त्यानंतरही पंधरवडाभर वेगळा राहिला. मग एक दिवस तो माळ्यावर गेला. 

मार्गशीर्षात वकिलांनी यांचा डेस्क पुन्हा आत घेतला. आम्हाला आनंद झाला, पण मला वाटलं, थंडीत कुणाला घाम येतो? चैत्र येऊ दे, मग पाहू. चैत्र आला, वैशाख आला, डेस्क आतच राहिला.

त्याच वैशाखात एका दुपारी आमच्या दारापुढे छकडा थांबला. बैलांना पाणी हवं होतं. आत एक वयस्क बाई होती, जाड सोन्याच्या पाटल्या, आणि नाकावर पदर. धाडच्या पलीकडून बुलढाण्याला वकिलांकडे निघाली होती. मी लगेच ओळखलं. आत्याबाईंनी तिला ओट्यावर बसवलं. घरी मी, आत्याबाई आणि म्हैस, यांच्यापैकी कुणाचा वास तिला येत होता देव जाणे, पण पदर काही हलला नाही. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूने गेले तेव्हा पाहिलं. पदराआड तिची दोन बोटं होती आणि बोटांत तपकीर. बाई तपकीर ओढत होती. मोठ्या घरची बाई चारचौघांत तपकीर ओढताना दिसू नये, म्हणून पदर.

संध्याकाळी मी यांना सांगितलं. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"मग डेस्क काऊन भाईर काढला होता?" ते म्हणाले.

ते मला माहीत नव्हतं. ओसरीवर पक्षकार वाढले असतील, आत कपाट ठेवायचं असेल, नाहीतर खरंच वास आला असेल. मी म्हटलं, विचारून टाका वकिलांना एकदा. त्यांनी मान हलवली, पण ते विचारणार नाहीत, हे मला त्यांच्या मान हलवण्यावरूनच कळलं. वकील वारेपर्यंत त्यांनी ते विचारलं नाही.

त्या दिवशी जेवून उठताना त्यांनी मला मात्र विचारलं. "तुले येत होता का? खरं सांग."

"हाव," मी म्हटलं. "लग्नापासून येत होता."

"मग बोलली काऊन नाही?"

 नवीन घरात आले तेव्हा मला तिथलं काहीच ओळखीचं नव्हतं. संध्याकाळी अंधारात कुणी दार ढकललं की त्या वासावरून मला कळायचं, हे आलेत. तेवढं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मी त्यांचं मन राखायला बोलते आहे की काय असं, आणि चूळ भरायला परसात गेले.